डावा पाय आणि क्लच

खुब्याचा सांधा बदलून माणूस घरी येतो तेव्हा फाइलबरोबर सूचनांचा एक कागद येतो. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली पडलेलं वाकून उचलायचं नाही, झोपताना दोन पायांत उशी घ्यायची. गाडी चालवण्याबद्दल त्यात बहुतेक एकच ओळ असते: सहा आठवड्यांनंतर, डॉक्टरांना विचारून. या ओळीवरून दौंडच्या एका घरात मामा आणि भाचीचा वाद झाला. दोघांचंही म्हणणं ऐकण्याजोगं होतं, म्हणून ते इथे मांडतो आहे.

मामा रेल्वेतून लोको पायलट म्हणून निवृत्त झालेले. भाची जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. राहायला दौंडमध्ये आणि शाळा चौफुल्याहून न्हावऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. वय पंचेचाळिशीच्या आतलं. या वयात खुबा कसा गेला, असं अजूनही लोक विचारतात. आपल्याकडे खुबा बदलावा लागणाऱ्यांत तरुण आणि मध्यमवयीन माणसं बरीच असतात, कारण म्हातारपणाच्या झिजेइतकाच, किंबहुना जास्तच, मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा आजार इथे दिसतो. स्टेरॉईड आणि दारू ही त्याची मोठी कारणं. कोविडच्या लाटेत जीव वाचवायला स्टेरॉईड द्यावी लागली, आणि त्यानंतर खुबा दुखत आलेले रुग्ण मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०२१ सालीच नोंदवले होते. भाचीचं असंच झालं. आधी जांघेत कळ, मग दुखणं गुडघ्यात उतरलं आणि कितीतरी दिवस तेल गुडघ्यालाच लागत राहिलं. शेवटी पुण्यात ऑपरेशन झालं. डावा खुबा.

भाची : मामा, पाय डावा आहे. ब्रेक उजव्याने, रेस उजव्याने. मी वाचलंय, डावा खुबा असेल तर दोन-तीन आठवड्यांतसुद्धा गाडी चालवतात. मला महिना होऊन गेला.

मामा : कुठल्या गाडीचं वाचलंस?

भाची : म्हणजे?

मामा : त्या गाडीला क्लच होता का?

या प्रश्नावर भाची क्षणभर गप्प झाली. माझ्या मते सगळ्या वादातला हा सर्वांत कामाचा प्रश्न आहे. डाव्या खुब्याला लवकर सूट देणारा सल्ला ऑटोमॅटिक गाडीसाठी असतो. अमेरिकेत बहुतेक गाड्या तशाच. तिथे डावा पाय नुसता बसून असतो. दौंड-शिरूरच्या रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्यांना मात्र क्लच आहे, आणि तो डाव्या पायानेच दाबायचा.

भाची : हायवेला लागलं की क्लच लागतो किती?

मामा : हायवेला लागेपर्यंत? बाजारात जायचं तर रेल्वेखालच्या कुरकुंभ मोरीतून जाशील ना? तिथे पुढे रिक्षा, समोरून टेम्पो, मागून हॉर्न. एक वीत पुढे, थांब, पुन्हा एक वीत पुढे. सगळा वेळ अर्ध्या क्लचवर. आणि हा गळिताचा हंगाम. पाटसपासून पुढे उसाच्या ट्रॉल्या लागतील, एका ट्रॅक्टरला दोन-दोन. त्यांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये किती वेळ जाईल याचा हिशोब नाही. चांगल्या पायाची पोटरी भरून येते, तुझा तर कापलेला पाय.

भाची : पाय नाही कापलेला, सांधा बदललाय. आणि दाबायला मला त्रास नाही. फिजिओ मला रोज यापेक्षा जास्त जोर लावायला लावतात.

मामा : दाबायला नसेल. चल, अंगणात गाडी उभी आहे, बसून दाखव.

गाडी हँडब्रेकवर होती, इंजिन बंद. बसणं भाचीने नीट शिकून घेतलं होतं. सीट पूर्ण मागे, पाठ जरा रेललेली, छोट्या गाडीची बैठक खोल म्हणून वर घट्ट उशी आणि उशीवर सरकायला प्लास्टिकची पिशवी. आधी पाठमोरी टेकली, मग दोन्ही पाय एकत्र आत घेतले. कंबरेत कुठेही पीळ पडला नाही. क्लच खाली गेला, सहज गेला. मामा दारापाशी उभे राहून बघत होते. त्यांचं लक्ष पेडलवर नव्हतं, तिच्या हातावर होतं. जमिनीवर टेकलेला पाय पुन्हा पेडलवर घ्यायची वेळ आली की ती सलवार गुडघ्याजवळ चिमटीत धरायची आणि पाय वर ओढून घ्यायची. तिच्या ते लक्षातही येत नव्हतं.

मामा : हात कुठाय तुझा?

भाची : (हात बघून) अं... थोडी मदत लागते अजून.

मामा : दाबायला पाय पुरतो, उचलायला हात लागतो. गाडी चालू असती तर तो हात स्टिअरिंगवर हवा होता.

खुब्याच्या ऑपरेशननंतर हेच होतं. पाय खाली रेटणं लवकर जमतं. बसल्या जागी मांडी वर उचलणं उशिरा येतं, कारण उचलणारे स्नायू दुखऱ्या सांध्याच्या अगदी पुढून जातात. आणि अचानक थांबायची वेळ आली की क्लचवाल्या गाडीत दोन्ही पाय एकदम उठतात, एक ब्रेकवर, एक क्लचवर. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. अर्धा सेकंद पाय शोधण्यात गेला तर आठ मीटर. उसाच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नसेल तर ती दिसल्यावर हातात तेवढंच अंतर उरलेलं असू शकतं.

पण भाची गप्प बसणारी नव्हती. तिची बाजूही पोकळ नव्हती.

भाची : बरं, नाही चालवत. मग शाळेत जाऊ कशी ते सांगा.

मामा : शटलने केडगावला उतर. स्टेशनवरून चौफुला, तिथून वडापची जीप.

भाची : मामा, तुम्ही इंजिनात बसायचात, डब्यात चढायचं कधी बघितलंय? पायरी किती उंच, दारात गर्दी किती, आणि गाडी थांबणार मिनिटभर. मागून कोणी ढकललं तर? आणि वडापमध्ये बैठक एवढी खाली की गुडघे छातीला लागतात. मला नव्वद अंशांच्या पुढे खुबा वाकवायचा नाही, मागून सांधा निसटतो म्हणतात. माझ्या गाडीत मी सीट मागे घेते, उशी ठेवते, खड्डा दिसला की हळू करते. वडापवाला माझ्यासाठी खड्डा चुकवेल?

मामा : नाही चुकवणार.

भाची : मग माझ्या सांध्याला जास्त धोका कशात? मी चालवण्यात की दुसऱ्याने कोंबून नेण्यात?

याला मामांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. ‘गाडी चालवू नका’ असं सांगताना सांगणाऱ्याच्या मनात घरची दुसरी गाडी आणि ती चालवणारं दुसरं माणूस गृहीत असतं. ते नसेल तर माणूस एका धोक्यातून दुसऱ्यात जातो. वाटेत दर तासाला उतरून चार पावलं चालावं, म्हणजे पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो, हा सल्लाही स्वतःच्या गाडीतच पाळता येतो.

भाची : आणि हे सहा आठवडे कुठून आले? पहिल्यांदा ज्यांनी हे सांधे टिकाऊ केले ते चार्नली, इंग्लंडमधले. १९६२ साली. त्यांच्या सांध्याचा गोळा जेमतेम २२ मिलिमीटरचा. आता ३२, ३६ मिलिमीटरचे बसवतात. मोठा गोळा सहजी वाटीबाहेर येत नाही. मला दुसऱ्या दिवशी उभं करून चालवलं. सगळं बदललं, मग जुना आकडा का धरून बसायचं?

मामा : आकड्याचं मला काही नाही. तू म्हणतेस ते खरंही असेल.

ते खरं आहेच. ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटिश अभ्यासातून आठ आठवडे थांबण्याचा सल्ला आला. पुढे उजव्या खुब्यानंतर ब्रेक मारण्याचा वेग चार ते सहा आठवड्यांत पूर्ववत होतो असं दिसलं, आणि अलीकडच्या काही अभ्यासांत त्याहूनही लवकर. मात्र अशा अभ्यासांत मोजतात ती उजव्या पायाची ब्रेकवरची हालचाल. सिमेंट न वापरता बसवलेल्या सांध्यात हाड धातूला धरायला सहा ते बारा आठवडे जातात, हा हिशोब वेगळा. आणि गुंगी आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर आठवडे मोजण्यातच अर्थ नाही. त्या बंद होईपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही.

मामा : माझा मुद्दा दुसराच आहे. तू ठीक आहेस हे ठरवतंय कोण? तूच ना? रेल्वेत हे चालत नाही. ड्युटीवर जायच्या आधी लॉबीत सही करायची, दारू प्यायलोय का ते तोंडाने फुंकून दाखवायचं, मग इंजिन. डॉक्टरी तपासणी पंचेचाळिशीपर्यंत चार वर्षांनी, पुढे पंचावन्नपर्यंत दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. आजारी पडलो तर रेल्वेचा डॉक्टर ‘फिट’ लिहीपर्यंत कॅबमध्ये पाय नाही. आणि गाडी चालू असतानाही मिनिटभर आपला हात कुठे हलला नाही तर यंत्र विचारतं, जागा आहेस का. उत्तर नाही दिलं तर ब्रेक लावून मोकळं होतं. मला बरं वाटतंय, याला तिथे किंमत नव्हती.

भाची : आणि तुम्ही अनफिट असताना पगार कोण द्यायचं?

मामा : रेल्वे.

भाची : कायमचे अनफिट झाले असते तर?

मामा : दुसरं काम दिलं असतं. ऑफिसात, लॉबीत, कुठेतरी.

भाची : मग शिस्त पाळणं सोपं होतं, मामा. मला निदान रजा तरी आहे, संपत आली असली तरी. दूध गोळा करणाऱ्या पिकअपवाल्याचा खुबा बदलला तर त्याला कोण म्हणणार, बस घरी, पगार घे? गाडीचा हप्ता थांबतो का? तो तिसऱ्या आठवड्यात स्टिअरिंगवर बसणार. बेजबाबदार म्हणून नाही, घरात पैसे नाहीत म्हणून.

हे बोलताना तिचा आवाज चढला होता. इथे मी पूर्णपणे भाचीच्या बाजूचा आहे. आपला कायदा या माणसासाठी जवळपास मुका आहे. मोटार वाहन कायद्याच्या १८६ व्या कलमात लिहिलं आहे की, स्वतःच्या आजारामुळे किंवा शारीरिक अडचणीमुळे लोकांना धोका होईल हे ठाऊक असताना गाडी चालवली तर पहिल्यांदा १००० रुपयांपर्यंत आणि पुन्हा सापडल्यास २००० रुपयांपर्यंत दंड. खुबा बदलल्यावर किती थांबायचं, कोणी तपासायचं, याबद्दल काही नाही. दौंडच्या माणसाला लायसन्सच्या नूतनीकरणाला बारामतीच्या परिवहन कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. चाळिशी उलटलेल्यांना आणि व्यावसायिक वाहन चालवणाऱ्यांना त्यासोबत डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो, पण तो नूतनीकरणाच्या वेळी. दोन नूतनीकरणांच्या मधल्या वर्षांत केवढंही ऑपरेशन झालं तरी कोणी विचारत नाही. म्हणजे ठरवणं सगळं त्या माणसावर, आणि ठरवायला लागणारी सवड त्याच्याकडे नाही.

मामा : दूधवाल्याचं खरंय. पण ट्रॉलीखाली गेला तर हप्ता कोण भरणार?

भाची : ते मला कळत नाही का? मला एवढंच म्हणायचंय की ‘थांब’ म्हणणाऱ्याने थांबायची सोयही बघावी.

मग ती थोडी थांबली आणि जे बोलली त्याचा खुब्याशी संबंध कमी होता.

भाची : दुसरं सांगू? मी गाडी शिकले तेव्हा घरात सगळे हसले होते. कशाला हवी, सोडतो की आम्ही. मी शिकले. तेव्हापासून पालकसभेला उशीर झाला तरी कोणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही. आता महिनाभर किल्ली आमच्या यांच्या खिशात आहे. काल म्हणाले, आता कशाला चालवतेस, मीच सोडत जाईन. प्रेमानेच म्हणाले. पण सोडणार म्हणजे त्यांच्या वेळेला. आणि एकदा माझी किल्ली खुंटीवरून गेली ना, मामा, सहा आठवड्यांनी कोणी आणून देत नाही. बाईच्या बाबतीत तर नाहीच.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले ते असं:

मामा : किल्ली तुझीच. ती मी तुझ्या नवऱ्याकडून आणून खुंटीला लावतो आजच. पण गाडी चालू कधी करायची ते पाय ठरवेल. तू नाही, मी नाही, तोही नाही.

भाची : पायाची परीक्षा घेणार कोण?

मामा : मी. इंजिन बंद ठेवून रोज बस गाडीत. ज्या दिवशी सलवारीला हात न लावता पाय उठेल, त्या दिवशी मला बोलाव. मी शेजारी बसून मध्येच ओरडेन, ‘थांब!’ खाली न बघता दोन्ही पाय जागेवर गेले पाहिजेत. एकदा नाही, दमेपर्यंत. मग डॉक्टरांना दाखवून ये, मग मोकळ्या मैदानात, मग सकाळी लवकर रिकाम्या रस्त्याला. मोरी सगळ्यात शेवटी.

भाची : आणि रिव्हर्स? मागे वळून बघायला कंबर पिळते.

मामा : आरशात बघायला शिक. नाहीतर दोन माणसं उतरवून बघायला लाव, गावात माणसांना काय तोटा.

भाची : स्कूटी?

मामा : तिचं नावच काढू नकोस. थांबलं की पाय टेकायचा, चिखल असला की घसरायचा. पडलीस तर नवा सांधा राहील आणि त्याच्या खालचं हाड मोडेल.

स्कूटीवर दोघांचं लगेच जमलं. ट्रॅक्टरचा विषय निघाला नाही, पण दौंड-शिरूरच्या शेतकऱ्याला तो टळणार नाही. उंच चढायचं, कडक क्लच, नांगरटीतले हादरे. त्याला मोटारीचे आठवडे लावू नयेत, वेगळं विचारावं.

ऊस संपेपर्यंत थांब, हा मामांचा हट्ट मात्र भाचीने मानला नाही. हंगाम मार्चपर्यंत, कधी त्याच्याही पुढे चालतो. तोवर वर्षाचा अभ्यासक्रम कोण पुरा करणार, असं ती म्हणाली. मामा म्हणाले, निदान अंधारात निघू नकोस. यावर तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

माझा कौल असा. परीक्षा कशाची घ्यायची हे मामांना बरोबर कळलं आहे, आणि परीक्षेपर्यंतचे दिवस माणसाने कसे काढायचे हा भाचीचा प्रश्न अजून कोणीच सोडवलेला नाही. सहा आठवडे हा आकडा वाईट नाही, पण तो पाय, गाडी आणि रस्ता न बघता दिलेला आहे. उजवा खुबा आणि क्लचची गाडी, डावा खुबा आणि क्लचची गाडी, डावा खुबा आणि ऑटोमॅटिक, ही तीन वेगळी माणसं आहेत. त्यांना एकाच कागदावर एकच ओळ देणं बरोबर नाही.

शल्यविशारदांना विनंती आहे की, दौंड, शिरूर, इंदापूर, श्रीगोंदा इकडचा रुग्ण घरी सोडताना त्याला दोन गोष्टी विचारा: गाडी कोणती आणि ती पोटासाठी चालवता का. पोटासाठी चालवणारा असेल तर ऑपरेशनची तारीख ठरवतानाच त्याला सांगा की घरात किती महिन्यांची तजवीज हवी, म्हणजे तो हंगाम बघून तारीख घेईल. आणि तुमच्या घरात कोणाचा खुबा बदलणार असेल, तर पहिल्या तपासणीला जाताना त्याची गाडी दवाखान्याच्या दारात न्या. फिजिओथेरपिस्टना पाच मिनिटं खाली बोलवा आणि पाय पेडलवर कसा उठतो ते त्यांच्या डोळ्यांसमोर दाखवा.